जुनी लष्करी रायफल: आधी वाचायची, मग पुसायची

जुनी लष्करी रायफल हाती आली की बहुतेकांचा हात आधी काचपेपरकडे जातो. लाकूड काळंकुट्ट, लोखंडावर तपकिरी थर, फटीफटीत वाळलेलं ग्रीस. एकदाचं घासूनपुसून लखलखीत करावं, असं वाटणारच. तेवढं मात्र करायचं नाही. कारखाना, वर्ष, रायफलीचा अनुक्रमांक म्हणजे नंबर, तपासनिसाच्या खुणा, दुरुस्तीच्या तारखा, सैन्याने विकून टाकल्याची निशाणी, हे सगळं तिच्या अंगावरच ठोकलेलं असतं. लाकडावरचे शिक्के तर इतके उथळ असतात की काचपेपरचे दहा हात फिरले तरी ते कायमचे जातात. चकाकी नंतर कधीही आणता येते, गेलेला शिक्का परत येत नाही.

हा लेख मुख्यतः ली-एन्फिल्डबद्दल आहे, म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री. ती जगभर पसरलेली आहे आणि लाकूड-लोखंडाच्या जुळणीत भलतीच नाजूक आहे. जर्मन माउझर, रशियन मोसिन-नागां, जपानी आरिसाका या रायफलींचा उल्लेख जिथे त्यांची रीत वेगळी आहे तिथे येईल.

कामाला लागण्याआधी दोन गोष्टी. पहिली परवान्याची. बऱ्याच देशांत नळी आणि दस्ता काढलेला नुसता रिसीव्हरसुद्धा (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला लोखंडी सांगाडा) कायद्याने शस्त्रच धरला जातो, तेव्हा स्थानिक नियम आधी पाहून घ्या. दुसरी अशी की अधिकृतपणे निकामी केलेली किंवा कवायतीसाठी वेगळी काढलेली रायफल फक्त साफ करायची आणि जपायची. नळीतलं भोक, जोड, कापलेला बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) यांना हात लावायचा नाही. ली-एन्फिल्डवर ‘डी.पी.’ अक्षरं दिसली तर ती कवायतीची. ती अक्षरं अनेकदा नळी, बोल्ट आणि लाकूड अशी ठिकठिकाणी ठोकलेली असतात.

रिकामी आहे ना?

विकणाऱ्याने सांगितलं म्हणून रायफल रिकामी होत नाही. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या मागच्या जागेत, बघा आणि करंगळी घालूनही चाचपा. नंतर बोल्ट पूर्ण बाहेर काढा. जुन्या ली-एन्फिल्डमध्ये, म्हणजे नंबर १ मध्ये, बोल्ट मागे आणून बोल्टचं डोकं वर उचललं की ते उजव्या पट्टीवरून सुटतं आणि बोल्ट मागे निघतो. नंतरच्या नंबर ४ या मॉडेलच्या मार्क १ मध्ये यासाठी एक छोटा खटका दाबावा लागतो. मार्क १* मध्ये खटका नाही, त्याऐवजी पट्टीतच एक खाच कापलेली आहे. बोल्ट बाहेर आल्यावर मागून नळीतून उजेडाकडे पाहा. उजेड दिसला नाही तर आत गोठलेलं ग्रीस तरी असेल, नाहीतर अडकलेली गोळी. ग्रीस गरमीने आणि द्रावकाने सैल पडतं. नळीत घातलेला साफसफाईचा गज टणकन आदळून थांबला तर पुढे ठोकाठोकी करू नका, काम तिथेच थांबवून रायफल जाणकार बंदूक-कारागिराकडे न्या.

शिक्के वाचणं

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे. पुसायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. टॉर्च समोरून न धरता बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा. तिरप्या उजेडात बुजलेलं अक्षरही सावली टाकतं. तरी वाचता येत नसेल तर मऊ दातब्रशने थोडं ग्रीस काढून खडूची पूड बोटाने चोळा, पूड खाचेत बसते आणि अक्षर उठून दिसतं. लाकडावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवली तरी काम होतं.

नंबर १ ची मुख्य नोंद उजव्या बाजूला असते, दस्ता जिथे लोखंडाला भिडतो त्या बट सॉकेटवर. वर मुकुट, खाली राजाची अक्षरं, मग कारखाना, वर्ष आणि मॉडेल. ई.आर. म्हणजे सातवा एडवर्ड, म्हणजे १९१० पर्यंतची. जी.आर. म्हणजे पाचवा किंवा सहावा जॉर्ज. जी.आर.आय. असेल तर रायफल बंगालमधल्या इशापूर कारखान्याची असण्याची शक्यता मोठी, कारण ते शेवटचं ‘आय’ सम्राटाचं. स्वातंत्र्यानंतरच्या इशापुरी रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह येतात. बाकीची नावं एन्फिल्ड, बी.एस.ए., एल.एस.ए. म्हणजे लंडन स्मॉल आर्म्स, आणि ऑस्ट्रेलियातलं लिथगो.

मॉडेलच्या बाबतीत मार्क ३ आणि मार्क ३* यांत गोंधळ फार होतो. मार्क ३ आला १९०७ मध्ये. त्यात मॅगझिनवर सरकणारी एक पत्र्याची पट्टी असते, ती आत ढकलली की मॅगझिनमधली काडतुसं राखीव राहतात आणि एकेक काडतूस हाताने भरावं लागतं. डाव्या बाजूला लाकडावर लांब पल्ल्याच्या सामूहिक गोळीबाराची वेगळी साइटही (नेम धरायचं साधन) असते. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवायचं होतं, म्हणून १९१६ च्या मार्क ३* मध्ये हे दोन्ही वगळले. शिक्क्यात तारा आहे पण पट्टीची खाच आहे, किंवा याच्या उलट, असंही सापडतं. कारखान्यांनी हाती असलेले भाग वापरले आणि नंतर शस्त्रागारांनी अदलाबदल केली. तेवढ्यावरून नकली ठरवू नका. ‘नंबर १’ हे नाव १९२६ मध्ये दिलं गेलं. त्याआधीच्या रायफलींवर ‘शॉर्ट एल.ई.’ असंच लिहिलेलं असतं.

नंबर ४ अधिकृतपणे स्वीकारली गेली १९३९ मध्ये, पण कारखान्यांतून मोठ्या संख्येने निघू लागली १९४१ पासून. तिचे शिक्के डाव्या बाजूला पाहायचे. फझाकर्ली आणि मॉल्टबी हे इंग्लंडमधले सरकारी कारखाने. ‘एम ४७ सी’ हा बी.एस.ए.च्या शर्ली कारखान्याचा युद्धकाळातला गुप्त संकेत. कॅनडातल्या लाँग ब्रँचच्या नंबरमध्ये ‘एल’ अक्षर असतं. अमेरिकेतल्या सॅव्हेजच्या नंबरमध्ये ‘सी’, म्हणजे चिकोपी फॉल्स, आणि रिसीव्हरवर ‘यू.एस. प्रॉपर्टी’ असा शिक्का. ते पाहून ही अमेरिकन सैन्याची रायफल, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. लेंड-लीज करारात, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात मित्रदेशांना युद्धसामग्री पुरवण्याच्या अमेरिकी योजनेत, ब्रिटनला दिलेल्या मालावरची ती नोंद आहे.

१९४९ पासूनच्या नंबर ४ मार्क २ मध्ये ट्रिगर खालच्या गार्डऐवजी थेट रिसीव्हरला जोडलेला असतो. ‘एफ.टी.आर.’ आणि पुढे वर्ष दिसलं तर ती कारखान्यात परत नेऊन पूर्ण दुरुस्त केलेली रायफल. अशा नंबर ४ वर फॉस्फेटच्या थरावर सनकोराइट नावाचा काळा रंग दिलेला सापडतो. तो कुणीतरी हौसेने फासलेला रंग समजून खरवडू नका, तो सैन्यानेच दिलेला आहे.

बाणाची खूण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता. ‘सी’च्या पोटात बाण असेल तर कॅनडा. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सैन्याने ती रीतसर विकून टाकली. ‘बी.एन.पी.’ आणि काडतुसाच्या लांबीचा आकडा दिसला तर नागरी विक्रीसाठी बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमध्ये तिची दाबचाचणी झाली होती.

आता अनुक्रमांक जुळवा. नंबर १ रायफलीत तो रिसीव्हर, नळी, बोल्टच्या दांड्याची मागची बाजू, मागच्या साइटची खालची बाजू, पुढची लोखंडी टोपी आणि तिच्या मागे लाकडाची खालची बाजू इथे शोधायचा. बोल्ट आणि रिसीव्हर यांचा नंबर जुळणं सर्वांत महत्त्वाचं, कारण तो बोल्ट त्याच रिसीव्हरला हाताने बसवलेला असतो. लाकडाचा नंबर वेगळा असला तर मला त्याचं फारसं काही वाटत नाही. लढाईत लाकूड तुटतं आणि बदललं जातं.

इतर देशांत ‘सगळे नंबर जुळतात’ याचा अर्थ बदलतो. सोव्हिएत शस्त्रागारांनी दुसऱ्या महायुद्धानंतर मोसिन-नागांचे भाग एकत्र करून पुन्हा जुळवले, जुना नंबर खोडून नवा ठोकला आणि लाकडावर लाखेचा चमकदार लालसर थर चढवला. त्यांनी जप्त केलेल्या जर्मन ९८-के माउझरचंही तेच. रिसीव्हरवर इंग्रजी ‘एक्स’सारखी फुली, ठोकून पुसलेलं स्वस्तिक, विजेच्या लेखणीने बोल्टवर खरडलेला नंबर. जपानी आरिसाकाच्या रिसीव्हरवरचं सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल शरणागतीच्या वेळी बहुतेक ठिकाणी घासून टाकलं गेलं. ते पुन्हा कोरून ‘मूळ रूप’ आणणारे लोक आहेत. घासलेलं फूल हीच त्या रायफलीची खरी नोंद आहे.

किंमत वाढवणाऱ्या अक्षरांपासून सावध. नंबर ४ च्या बट सॉकेटवर डाव्या बाजूला ‘टी’ म्हणजे स्नायपर आवृत्ती. एक अक्षर ठोकायला कितीसा वेळ लागतो! म्हणून बाकीचा पुरावाही पाहा: डावीकडे दुर्बिणीचे पाय, दस्त्यावर गाल टेकायचं लाकूड, हॉलंड अँड हॉलंडचा ‘एस ५१’ हा संकेत, आणि दस्त्याच्या मानेवर ठोकलेला दुर्बिणीचा नंबर.

उघडणं

आधी योग्य पेचकस. बाजारातल्या साध्या पेचकसाचं पातं निमुळतं असतं, खाचेत फक्त टोकाला बसतं आणि स्क्रूचं डोकं फाडतं. पात्याच्या दोन्ही बाजू समांतर हव्यात आणि रुंदी खाचेएवढी. घट्ट बसलेल्या स्क्रूवर भेदक तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर थांबा. निघालेला प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्याच्या तुकड्यावर रायफलीचं चित्र काढून त्या-त्या जागी खोचून ठेवा. ली-एन्फिल्डच्या स्क्रूंचे आटे इतर कशाला लागत नाहीत.

नंबर १ चा क्रम असा. बोल्ट आणि मॅगझिन. मग नळीवरचं मागचं लाकडी झाकण, ते पकडीने बसलेलं असतं, सरळ वर उचलायचं. मग बाहेरचा पट्टा, आणि आतल्या पट्ट्याचा स्क्रू. या स्क्रूला स्प्रिंग आणि वायसर असतो, बोटाने धरूनच काढा. नंतर पुढच्या टोपीचे दोन स्क्रू काढून टोपी सरळ पुढे सरकवा. टोपीजवळ लाकडात एक छोटी खुंटी आणि स्प्रिंग बसवलेली असते, ती नळीला खालून रेटा देते. तीही सांडते. शेवटी ट्रिगर गार्डचे स्क्रू. पुढच्या स्क्रूच्या भोकात एक छोटी लोखंडी नळकांडी असते, गार्ड आणि रिसीव्हर यांच्यात योग्य अंतर राखणारी. ती लाकडाला चिकटून राहते आणि मग धुण्यात हरवते. गार्ड निघाला की पुढचं लाकूड सरळ खाली, दोन्ही टोकांना सारखा जोर देत सोडवा. एक टोक आधी ओढलं तर मागची बाजू चिरते.

मागचा दस्ता निघतो तो त्याच्या पोटातल्या लांब बोल्टने (हा जोडणीचा, रायफलीचा सरकता बोल्ट नव्हे), आणि इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि पुढच्या लाकडाच्या मागे बसवलेल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता मागून बोल्ट फिरवला की ते चौकोनी टोक पट्टीसकट लाकूड फाडतं. शिवाय बटप्लेटच्या (दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या धातूच्या पट्टीच्या) झाकणातून पेचकस घालण्याआधी आतला चामड्याचा किंवा नमद्याचा बोळा बाहेर काढावा लागतो. तो राहिला तर पेचकस त्याला रेटतो आणि जोर दस्त्यावर येतो. माझं मत विचाराल तर दस्ता घट्ट असेल आणि आत गंज दिसत नसेल तर तो उघडूच नये.

ती झाकणाची पोकळी मात्र बघा. तेलाची पितळी बाटली आणि नळी ओढून पुसायची दोरी ठेवायची ती जागा. स्विस के-३१ रायफलीच्या बटप्लेटखाली तर त्या सैनिकाचं नाव लिहिलेली चिठ्ठी अजूनही सापडते, म्हणून तिथे द्रावक ओतायच्या आधी स्क्रू काढून बघा.

ग्रीस

साठवणीसाठी लावलेलं कॉस्मोलीन वर्षानुवर्षांनी घट्ट होऊन पिवळट मेणासारखं बसतं. लोखंडी भाग मिनरल टर्पेंटाइनच्या थाळीत भिजवून नायलॉनच्या ब्रशने घासा. हवेशीर जागा, हातमोजे, जवळपास ज्योत नाही. पेट्रोल कधीही नाही, त्याची वाफ लांबवरच्या ठिणगीनेही पेटते. उकळत्या साबणाच्या पाण्यानेही ग्रीस सुटतं, पण नंतर भाग गरम असतानाच पुसून लगेच तेल लावायचं. बोल्टच्या आतली पिन काढायला खास हत्यार लागतं. ते नसेल तर बोल्ट अख्खा भिजवा, हलवा, निथळू द्या, असं द्रावक स्वच्छ निघेपर्यंत करा. आत ग्रीस राहिलं तर पिन अडखळते.

लाकडातलं ग्रीस उष्णतेने बाहेर येतं. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत जुन्या फडक्यांत गुंडाळून कडक उन्हात ठेवा. ग्रीस पाझरेल, पुसा, फडकं बदला, पुन्हा ठेवा. भट्टीत किंवा ओव्हनमध्ये घालू नका, लाकूड आकसून चिरतं.

गंज

सगळा गंज सारखा नसतो. कोरडी, गुळगुळीत, तपकिरी झाक वयाची असते, ती राहू द्या. बोटाला नारिंगी पूड लागते तो जिवंत गंज, तो काढायचा. पातळ तेल लावून एक दिवस ठेवा, मग सर्वांत बारीक म्हणजे चार शून्य नंबरच्या स्टील वूलने हलका हात फिरवा. तेलाशिवाय कोरडं घासू नका. जाड पापुद्रा असेल तर पितळेची धार लावलेली पट्टी वापरा, ती गंज खरवडते पण पोलादाला ओरखडा पाडत नाही.

छोट्या भागांसाठी एक जुनी आणि सुंदर युक्ती आहे. भाग पूर्ण तेलमुक्त करा आणि ऊर्ध्वपातित पाण्यात अर्धा तास उकळा. लाल गंजाचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होतं. वरची सुटी काळी पूड तेलमुक्त स्टील वूलने झाडा, लगेच तेल लावा. खालचा मूळ काळसर रंग बराचसा हाती लागतो. साइटच्या पट्ट्या, खांद्याच्या पट्ट्याच्या (स्लिंगच्या) कड्या अशा सुट्या भागांवर हे छान जमतं.

विजेच्या टाकीत गंज काढायचा मोह स्प्रिंग आणि बोल्टच्या बाबतीत टाळा. त्या क्रियेत तयार होणारा हायड्रोजन कडक पोलादाला ठिसूळ करू शकतो. बाटलीतला ‘कोल्ड ब्लू’ (पोलाद न तापवता काळं करणारं रसायन) लावून सगळी रायफल नवी काळी करण्यातही अर्थ नाही. तो धब्बेदार बसतो, लवकर जातो, आणि जाणकाराला दुरून ओळखू येतो.

लाकूड

काचपेपर नाही, रंग खरवडणारं रसायन नाही, भांडी धुण्याचं यंत्र तर नाहीच. मिनरल टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या फडक्याने मळ काढा, तेवढ्याने अक्रोडाचा किंवा बीचचा रंग वर येतो. तेलाने काळ्या पडलेल्या जागी चॉकची पूड आणि द्रावक यांचा लेप लावा. तो वाळताना लाकडातलं तेल शोषून पिवळा पडतो. झाडून पुन्हा लावा.

पोचे ओल्या फडक्यावरून गरम इस्त्रीचं टोक टेकवून वाफेने उठवता येतात, कारण तंतू दबलेले असतात, तुटलेले नसतात. पण शिक्का हाही दाबलेलाच असतो! त्याच्या आसपास वाफ नेलीत तर अक्षरंही फुगून सपाट होतील. एखादा पोचा शिक्क्याजवळ असेल तर तो तसाच सोडा.

चीर असेल तर आधी अॅसिटोनने आतलं तेल काढा, मग पातळ इपॉक्सी आत मुरवून हलक्या दाबाने बांधून ठेवा. पुढच्या लाकडाचं मागचं टोक बारकाईने बघा. धक्का तिथेच बसतो, आणि रिसीव्हरला टेकणारे दोन पृष्ठभाग दबले की लाकूड मागे सरकून बट सॉकेटवर आदळतं आणि उभं चिरतं. ते टोक आणि सॉकेट यांच्यात बारीकशी फट राहिलीच पाहिजे. इशापूरने या लाकडात मजबुतीसाठी आडवा स्क्रू घातला. तो दिसला तर कुणाचं घरगुती जुगाड समजून काढू नका.

शेवटी तेल. ब्रिटिश सैन्यात कच्चं अळशीचं तेल लावत. ते वाळायला बरेच दिवस घेतं. ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्यात लवकर वाळवणारे क्षार असतात, घाई असेल तर ते चालेल. काही थेंब तळव्यावर घ्या, लाकूड कोमट होईपर्यंत चोळा, अर्ध्या तासाने उरलेलं कोरडं पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. जाड थर दिला तर चिकट राहतो. लाख लावलेल्या सोव्हिएत लाकडावर हे करू नका. पॉलीयुरेथेन कशावरच नको.

तेल लावलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि फडक्यांचा गोळा आपोआप पेटतो. फडकी उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.

नळी, आणि गोळी झाडायची की नाही

नळी मागून साफ करायची. ब्राँझचा ब्रश, द्रावक, मग चिंधी, हे चिंधी करडी निघेपर्यंत. निळसर-हिरवी निघाली तर आत तांबं आहे, त्यासाठी अमोनियायुक्त द्रावक वापरा आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका. नळी काळपट दिसली म्हणून हताश व्हायचं कारण नाही, धारा (नळीतल्या पिळदार खाचा) ठळक असल्या की पुरे. ली-एन्फिल्डमध्ये सहसा पाच असतात. युद्धकाळातल्या काही नंबर ४ मध्ये दोनच असतात, तो दोष नव्हे. आत एखादं गडद वलय दिसलं आणि बाहेरून बोटाला फुगवटा लागला तर ती नळी बाद.

या रायफलीतून गोळी झाडायची का, हे घरी ठरवू नका. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतुसाला मिळणारी जागा, गेजने मोजावा लागतो. नंबर ४ च्या बोल्टच्या डोक्यांवर ० ते ३ आकडे असतात, ते लांबीनुसार. म्हणून दुसऱ्या रायफलीचा बोल्ट किंवा डोकं आणून लावणं धोक्याचं. इशापूरची २ए आणि २ए१ दिसायला नंबर १ सारखीच, पण ती ७.६२ ची आहे. काडतूस शिक्का वाचून आणि चेंबर तपासून ठरवा, अंदाजाने नाही. काही रायफली चांगल्या अवस्थेतही झाडू नयेत: जपानी प्रशिक्षणाच्या रायफली, आणि ८,००,००० च्या खालच्या नंबरच्या, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड कारखान्यातल्या मॉडेल १९०३, ज्यांच्या रिसीव्हरचं पोलाद ठिसूळ निघालं.

जुनं लष्करी काडतूस वापरलं तर त्याच्या प्रायमरमधून (बुडातली आघाताने पेटणारी टोपी) नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं. मिठासारखं ते हवेतला ओलावा ओढून घेतं. तेलात ते विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून नळीतून आधी उकळतं पाणी, मग चिंधी, मग तेल, आणि हे त्याच दिवशी. गरम पाण्याने नळी इतकी तापते की आतला ओलावा बराचसा आपोआप उडतो.

ठेवणं

धातूवर अगदी पातळ तेल, लाकडाला टेकणाऱ्या भागावर थोडं ग्रीस. चामड्याच्या किंवा फोमच्या खोळीत महिनोन्‌महिने ठेवू नका, दोन्ही ओलावा धरतात. उभी ठेवायची तर नळीचं तोंड खाली करा, नाहीतर जास्तीचं तेल दस्त्याच्या मानेत उतरून लाकूड मऊ करतं. बोटांचे ठसे पुसून ठेवा, घामाचा गंज आठवड्यात दिसतो. सुरुवातीला काढलेले फोटो, वाचलेले शिक्के, बदललेला प्रत्येक भाग यांची नोंद एका कागदावर करा. काढलेला मूळ भाग मोडका असला तरी पिशवीत घालून रायफलीसोबतच ठेवा.